कोसळायचे राहून गेलेले इंटरनेट : मेटकाफ यांच्या १९९५ च्या भाकिताचा प्रकरण अभ्यास

इंटरनेटविषयीची जुनी भाकिते आज बहुधा करमणूक म्हणूनच वाचली जातात. वर्तमानपत्राची जागा संगणकावरचा माहितीसाठा कधीही घेणार नाही, असे क्लिफर्ड स्टोल यांनी फेब्रुवारी १९९५ मध्ये 'न्यूजवीक' साप्ताहिकात लिहिले होते. इंटरनेटचा अर्थव्यवस्थेवरील परिणाम फॅक्स यंत्राच्या परिणामाहून मोठा नाही हे २००५ च्या सुमारास स्पष्ट होईल, असे अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी १९९८ मध्ये लिहिले. ही दोन्ही विधाने साफ चुकली, परंतु माणसे एखाद्या साधनाचे पुढे काय करतील याचा अंदाज चुकण्यात फारसे नवल नाही आणि त्या चुकीतून फारसे हातीही लागत नाही. रॉबर्ट मेटकाफ यांनी डिसेंबर १९९५ मध्ये केलेले भाकीत मात्र वेगळ्या जातीचे होते. ते माणसांच्या आवडीनिवडीविषयी नसून यंत्रणेविषयी होते. त्याला मुदत होती, त्यामागे कारणे मांडलेली होती आणि ते करणारा माणूस जाळ्यांच्या तंत्रज्ञानात जगातल्या पहिल्या काही जाणकारांपैकी होता. हे भाकीत चुकले हे सर्वांना माहीत आहे. त्यातले नेमके काय चुकले आणि काय चुकले नाही, याची फोड येथे करावयाची आहे.

भाकीत आणि भाकीतकार

मेटकाफ यांनी १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात, जवळपासच्या संगणकांना तारेने जोडणाऱ्या इथरनेटची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासह ती प्रत्यक्षात आणली. १९७९ मध्ये त्यांनी थ्रीकॉम ही कंपनी स्थापन केली. नव्वदच्या दशकात ते 'इन्फोवर्ल्ड' या साप्ताहिकात स्तंभ लिहीत असत. संगणकक्षेत्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार पुढे त्यांना २०२२ सालासाठी मिळाला. म्हणजे भाकीत करणारा माणूस बाहेरून बोट दाखवणारा नव्हता.

त्यांच्या पूर्वायुष्यातील एक प्रसंग या प्रकरणाच्या संदर्भात आवर्जून नोंदवावा असा आहे. ऑक्टोबर १९७२ मध्ये वॉशिंग्टन येथील परिषदेत इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटचे पहिले मोठे जाहीर प्रात्यक्षिक झाले. तेव्हा विद्यार्थी असलेल्या मेटकाफ यांच्याकडे एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीच्या अधिकाऱ्यांना यंत्रणा दाखवण्याचे काम होते, आणि नेमकी त्यांच्यासमोरच ती बंद पडली. त्या वेळी त्या अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर समाधान उमटले होते, असे मेटकाफ यांनीच पुढे अनेकदा सांगितले आहे. माहितीचे छोटे तुकडे, म्हणजे पॅकेटे, करून ती पाठवण्याची ही पद्धत विश्वासार्ह ठरणार नाही, हे दूरध्वनीवाल्यांचे मत त्या क्षणी त्यांना खरे वाटले असणार. तेवीस वर्षांनी तेच मत मेटकाफ यांच्या लेखणीतून थोड्या वेगळ्या शब्दांत उतरावे, हा या प्रकरणातील एक विलक्षण योग आहे.

४ डिसेंबर १९९५ च्या अंकातील त्यांच्या स्तंभाचा आशय असा होता : १९९६ सालाविषयी सध्या केली जाणारी जवळजवळ सर्व भाकिते इंटरनेट याच वेगाने वाढत राहील या गृहीतकावर उभी आहेत; प्रत्यक्षात मात्र ते लवकरच ताऱ्याच्या महास्फोटासारखे झगमगून उठेल आणि १९९६ मध्येच भयानक रीतीने कोसळेल. कारणे त्यांनी एकच नव्हे तर अनेक दिली होती. त्यांत तारांची अपुरी वहनक्षमता होती, सुरक्षेतील भगदाडे होती आणि पैशांचा प्रश्नही होता. कोसळल्यानंतर मालकांनी वाऱ्यावर सोडलेली, कोणी न उघडणारी 'भुताटकीची' संकेतस्थळे जागोजागी पडून राहतील, असेही त्यांनी त्याच लेखात म्हटले होते. भाकीत खोटे ठरल्यास छापील मजकूर खाऊन दाखवीन, असा शब्द त्यांनी दिला.

ते हवेतले बोलणे नव्हते

आजच्या वाचकाला हे भाकीत खुळचट वाटते, कारण त्याला निकाल ठाऊक आहे. १९९५ च्या अखेरीस उपलब्ध असलेला पुरावा समोर ठेवला, तर मत बदलावे लागते.

पहिली गोष्ट म्हणजे इंटरनेट त्याआधी खरोखरच कोसळले होते. २७ ऑक्टोबर १९८० रोजी अर्पानेट जवळजवळ चार तास ठप्प झाले, कारण बिघडलेल्या काही स्थितिदर्शक संदेशांच्या प्रती सगळ्या यंत्रांवर फिरत राहिल्या. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधील जोडणीवर गर्दीमुळे वेग सेकंदाला ३२,००० बिटवरून अवघ्या ४० बिटवर आला. या दोन ठिकाणांमधील अंतर चारशे यार्डांचे, म्हणजे चालत पाच मिनिटांचे होते. चिठ्ठी हाती घेऊन माणूस पाठवला असता तर ती लवकर पोहोचली असती. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने सोडलेल्या, स्वतःच्या प्रती पसरवणाऱ्या 'वर्म' या प्रोग्रॅमने हजारो यंत्रे अडवली. कोसळणे ही केवळ कल्पना नव्हती, त्याला इतिहास होता.

दुसरी गोष्ट अशी की १९९५ मध्येच जाळ्याचा कणा बदलला. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने चालवलेला एनएसएफनेट हा बॅकबोन ३० एप्रिल १९९५ रोजी बंद करण्यात आला आणि त्याची जागा खासगी कंपन्यांच्या अनेक बॅकबोननी घेतली. या कंपन्यांची वाहतूक मोजक्या अदलाबदल केंद्रांवर एकमेकींना मिळत असे. त्यांपैकी सर्वांत गजबजलेले केंद्र मे-ईस्ट या नावाने ओळखले जाई आणि ते व्हर्जिनियातील टायसन्स कॉर्नर भागात वाहनतळाच्या एका इमारतीत, भिंत घालून वेगळ्या केलेल्या जागेत होते. तेथे पॅकेटे योग्य दाराकडे वळवणाऱ्या स्विच या यंत्राच्या रचनेत एक उणीव होती : रांगेतील पहिले पॅकेट ज्या दारातून बाहेर पडायचे ते दार भरलेले असेल, तर त्यामागची सगळी पॅकेटे, त्यांची दारे मोकळी असूनही, खोळंबून राहत. तिकीटखिडकीवर सुट्ट्या पैशांसाठी एक जण अडून बसावा आणि मागच्या साऱ्यांची गाडी चुकावी, तसा हा प्रकार होता. अमेरिकेच्या इंटरनेट वाहतुकीचा मोठा हिस्सा अशा ठिकाणातून जात होता. सरकारी बॅकबोनबरोबर त्याची जाहीर होणारी आकडेवारीही बंद झाली, त्यामुळे गर्दी किती आहे हे नेमके सांगू शकेल असे कोणी उरले नव्हते. मेटकाफ यांच्या तक्रारींपैकी ही तक्रार मला सर्वांत वजनदार वाटते.

तिसरा पुरावा वाढीच्या वेगाचा. कॉफमन आणि ओडलिझ्को यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार १९९५ आणि १९९६ या दोन वर्षांत इंटरनेटवरील वाहतूक वर्षाला सुमारे दहापट या गतीने वाढली. एरवी ती वर्षाला साधारण दुप्पट होत असे. म्हणजे मेटकाफ ज्या काळात लिहीत होते तो काळ नेमका अपवादात्मक होता आणि वाढीचा वेग पाहून त्यांना वाटलेली धास्ती आकड्यांना धरून होती.

चौथा पुरावा तर भाकितानंतर काही महिन्यांतच प्रसिद्ध झाला. व्हर्न पॅक्सन यांनी ३७ ठिकाणांमधील मार्गांची ४०,००० मोजमापे केली. १९९४ च्या अखेरीपासून १९९५ च्या अखेरीपर्यंतच्या एका वर्षात मार्गात गंभीर दोष आढळण्याची शक्यता दीड टक्क्यावरून तीन टक्क्यांच्या वर गेल्याचे त्यांना दिसले. जाळे वाढत होते आणि वाढता वाढता बिघडतही होते, हे मोजून सिद्ध झाले होते.

१९९६ साली काय झाले

वर्ष सुरळीत गेले असे म्हणता येणार नाही. जून १९९६ मध्ये नेटकॉम या सेवादात्याची यंत्रणा सुमारे तेरा तास बंद पडली आणि जवळपास चार लाख ग्राहक त्यात अडकले. ७ ऑगस्ट रोजी अमेरिका ऑनलाइन या मोठ्या सेवादात्याची सेवा नियोजित देखभालीनंतर पुन्हा सुरूच होईना. ती एकोणीस तास बंद राहिली आणि सुमारे साठ लाख सदस्य तिच्याविना राहिले. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कमधील पॅनिक्स या छोट्या सेवादात्यावर खोट्या जोडणी-विनंत्यांचा भडिमार करून त्याला जेरीस आणण्यात आले. अशा हल्ल्यावर तोपर्यंत सर्वमान्य उपाय नव्हता. डिसेंबरमध्ये अमेरिका ऑनलाइनने महिन्याला १९.९५ डॉलरमध्ये अमर्याद वापराची योजना आणली, तेव्हा सदस्यांची अशी झुंबड उडाली की कित्येक दिवस इंटरनेटच्या जोडणीसाठी फोन लावला की व्यग्रतेचा सूरच ऐकू येई. अखेर अनेक राज्यांच्या महाधिवक्त्यांना त्यात लक्ष घालावे लागले.

मेटकाफ यांनी या घटनांची नोंद उत्साहाने ठेवली आणि मोजमापासाठी एक एककही सुचवले : एकाच बिघाडात वापरकर्त्यांचे एक अब्ज तास वाया गेले, तर तो एक 'गिगालॅप्स'. अमेरिका ऑनलाइनच्या बिघाडाला हे एकक लावले, तर साठ लाख गुणिले एकोणीस, म्हणजे ११ कोटी ४० लाख तास होतात. गिगालॅप्सचा जेमतेम नववा हिस्सा. त्यातही सर्व सदस्य एकोणीस तास सलग संगणकासमोर बसून होते, असे मानावे लागते.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. डिसेंबर १९९५ च्या मूळ भाकितात 'कोसळणे' म्हणजे काय, याची व्याख्या नव्हती. गिगालॅप्सचे माप नंतर आले. भाकीत आधी आणि ते तपासण्याची पट्टी मागाहून, असा क्रम असला की पट्टी कितीही प्रामाणिकपणे बनवलेली असली तरी वाद राहतोच, आणि त्या वर्षी तसा वाद भरपूर झाला. मेटकाफ यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की त्यांनी स्वीकारलेली पट्टी त्यांच्या सोयीची नव्हती, कारण तिने मोजल्यावर ते हरले.

वर्षअखेरीस बेरीज अशी होती : नेटवर्क विझर्ड्सच्या गणनेनुसार इंटरनेटला जोडलेली यंत्रे जानेवारी १९९६ मध्ये सुमारे ९५ लाख होती, ती जानेवारी १९९७ मध्ये एक कोटी साठ लाखांच्या वर गेली. जाळे कोसळले नव्हते, सुमारे सत्तर टक्क्यांनी वाढले होते.

सांता क्लारा, एप्रिल १९९७

सहावी आंतरराष्ट्रीय वर्ल्ड वाइड वेब परिषद एप्रिल १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथे भरली. मेटकाफ यांनी तेथे आपला शब्द पाळला. आधी त्यांनी स्तंभाचा मजकूर छापलेला एक मोठा केक खाण्याचा पर्याय पुढे केला, पण श्रोत्यांनी ही पळवाट मान्य केली नाही. तेव्हा त्यांनी स्तंभाचे छापील पान ब्लेंडरमध्ये टाकले, त्यात द्रव ओतून त्याचा लगदा केला आणि तो सर्वांसमोर खाल्ला. चुकीची कबुली इतक्या उघडपणे देणारे तज्ज्ञ कमीच असतात. मात्र या प्रसंगाने एक नुकसान केले. प्रकरण संपले असे सर्वांनी धरून चालले, आणि ज्या कारणांवर ते भाकीत उभे होते ती कारणेही त्या लगद्याबरोबर पोटात गेली.

तर्क कुठे सरकला

मेटकाफ यांची लक्षणे खरी, पण निदान खोटे, असे का झाले याचे उत्तर शोधताना मला त्यांच्या स्वतःच्या इथरनेटकडे पाहावेसे वाटते. इथरनेटवर ऐंशीच्या दशकात अगदी असाच आक्षेप घेतला जाई : एकाच तारेवर अनेक यंत्रे हवे तेव्हा बोलू लागली, तर सुमारे ३७ टक्के भारानंतर टकरीच टकरी होतील आणि काम ठप्प होईल. हा आकडा वेगळ्याच एका पद्धतीच्या गणितातून उचललेला होता. डेव्हिड बॉग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रत्यक्ष मोजमापे करून दाखवले की इथरनेट त्याहून कितीतरी अधिक भार पेलते. कारण असे की टक्कर झाली हे कळताच प्रत्येक यंत्र थांबते, वाट पाहते आणि पुन्हा टक्कर झाल्यास अधिक वेळ थांबते. भार वाढला की पाठवणारा आपणहून मागे सरतो, हा त्या रचनेचा गाभा आहे.

इंटरनेटमध्येही हाच गुण १९८८ पासून आला होता. बर्कली येथील कोंडीचा अभ्यास करून व्हॅन जेकबसन यांनी टीसीपीमध्ये, म्हणजे पॅकेटे पाठवण्याच्या नियमांमध्ये, अशी भर घातली की पॅकेट हरवू लागली की पाठवणाऱ्या यंत्राने आपला वेग झटकन कमी करावा आणि मग हळूहळू वाढवावा. त्यामुळे १९९६ मध्ये गर्दी झाली तेव्हा जाळे मंदावले, रखडले, लोकांचा अंत पाहू लागले, पण १९८६ प्रमाणे शून्याच्या जवळ गेले नाही. यंत्रांप्रमाणेच माणसेही मागे सरली, कारण एक पान उघडायला दोन मिनिटे लागू लागली की माणूस दहा पानांऐवजी तीनच पाने पाहतो. आपोआप ओसरणाऱ्या भाराचे हे गणित मेटकाफ यांच्याइतके चांगले फार थोड्यांना माहीत असेल. इंटरनेटवर लिहिताना मात्र त्यांनी भार सरळ रेषेत पुढे ओढला आणि तो सहन करणारी यंत्रणा आहे तेथेच थांबलेली धरली.

दुसरी गफलत दुरुस्तीविषयीची होती. १९९५ ते १९९७ या काळात जाळ्याची जी डागडुजी झाली तिचा वेग थक्क करणारा आहे. मोठ्या सेवादात्यांचे बॅकबोन सेकंदाला ४५ मेगाबिटवरून १५५ मेगाबिटवर जाऊ लागले. जून १९९६ मध्ये सिएना कंपनीने एका धाग्यातून प्रकाशाचे सोळा वेगवेगळे रंग एकाच वेळी पाठवणारी यंत्रणा बाजारात आणली. जमिनीत आधीच पुरलेल्या काचतंतूची क्षमता नवा खड्डा न खोदता सोळा पटींनी वाढवण्याची सोय त्यामुळे झाली. मे-ईस्टसारख्या केंद्रांवरील खोळंबा टाळण्यासाठी मोठ्या कंपन्यांनी आपापसांत थेट जोडण्या घेतल्या. पूर्वी एका पानावर दहा चित्रे असतील तर ब्राउझर अकरा वेळा नवी जोडणी उघडत असे. जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी या वेबपाने मागवण्याच्या पद्धतीच्या १.१ आवृत्तीने एकाच जोडणीवर सगळे आणण्याची सोय केली. पॅनिक्सवरील हल्ल्यानंतर काही आठवड्यांतच त्या प्रकारच्या भडिमारावर एक हुशार तोडगा निघाला. पॅकेटांना वाट दाखवणाऱ्या राउटर या यंत्रांची स्मृती मार्गांच्या यादीने भरून जाण्याची भीती होती, त्यावर १९९३ पासून पत्त्यांचे गट करण्याची पद्धत रूढ होत होतीच. शिवाय स्प्रिंटसारख्या मोठ्या सेवादात्याने ठरावीक आकारापेक्षा लहान पत्ता-तुकड्यांचे मार्ग स्वीकारायला १९९५ मध्येच नकार दिला, त्यामुळे बाकीच्यांना शिस्त लावून घ्यावी लागली.

हे सर्व कोणत्याही मध्यवर्ती अधिकाऱ्याच्या आदेशाविना झाले. जाळे चालवणाऱ्या अभियंत्यांच्या सैल गटांवर मेटकाफ यांचा भरवसा नव्हता, आणि इंटरनेट आता व्यवसायासारखे चालवले पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. त्या गटांतील लोकांनी त्यांचे भाकीत मनाला लावून घेतले. भाकीत जाहीर झाल्यामुळेच ते खोटे ठरवण्यासाठी लोक अधिक झटले, असाही युक्तिवाद कधीकधी होतो. त्यात फारसे तथ्य दिसत नाही. वरच्या यादीतील बहुतेक कामे डिसेंबर १९९५ पूर्वीच सुरू झालेली होती आणि ती करणाऱ्यांना स्तंभ वाचण्याची गरज नव्हती, त्यांचे फोन आधीच खणखणत होते.

तथापि 'लोक दुरुस्ती करतील हे ते विसरले' एवढ्यावर विश्लेषण थांबवले, तर ते अर्धेच राहते. वरच्या कामांकडे पुन्हा पाहिले की त्यांच्यात एक साम्य दिसते. बॅकबोन वाढवणाऱ्या कंपनीचे ग्राहक वाढतात. थेट जोडणी घेणाऱ्याची वाहतूक जलद होते. लहान मार्ग नाकारणाऱ्याचा राउटर वाचतो. म्हणजे दुरुस्तीचा खर्च ज्याने केला, लाभही त्यालाच मिळाला. मेटकाफ यांना सर्वांत मोठे वाटलेले संकट वहनक्षमतेचे होते, आणि वहनक्षमता हीच अशी वस्तू होती की तिच्यासाठी पैसे मोजायला सगळे तयार होते. इतके तयार, की दशक संपता संपता गरजेहून कितीतरी अधिक काचतंतू पुरले गेले. वाहतूक दर शंभर दिवसांनी दुप्पट होते हा १९९६ पुरता बरा असलेला आकडा पुढेही खरा मानून कंपन्यांनी कर्जे काढली, आणि जुलै २००२ मध्ये वर्ल्डकॉम या मोठ्या दूरसंचार कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. मेटकाफ यांनी वाढीची रेषा पुढे ओढून विनाश पाहिला, तर गुंतवणूकदारांनी तीच रेषा पुढे ओढून वैभव पाहिले. रेषा ओढण्याची चूक दोघांची एकच होती, आणि दोघांमध्ये मेटकाफ यांची चूक कितीतरी स्वस्तात सुटली.

जे चुकले नाही

ज्या दुरुस्तीचा खर्च एकाला आणि लाभ इतरांना होतो, तिची कथा वेगळी आहे. मेटकाफ यांनी लगदा खाल्ल्याला जेमतेम दोन आठवडे झाले असतील, तोच २५ एप्रिल १९९७ रोजी ७००७ हा जाळे-क्रमांक असलेल्या एका छोट्या सेवादात्याच्या राउटरने जगातील बहुतांश मार्गांची यादी तुकडे तुकडे करून आपल्याच नावाने बाहेर पाठवली. बीजीपी या मार्गनिश्चितीच्या पद्धतीत अधिक लहान, अधिक नेमक्या पत्ता-तुकड्याचा मार्ग नेहमी ग्राह्य धरला जातो आणि शेजाऱ्याने दिलेल्या माहितीची शहानिशा करण्याची सोय तिच्यात मुळात नाही. त्यामुळे जगभरातले राउटर आपली वाहतूक त्या एका छोट्या राउटरकडे वळवू लागले आणि ती तेथे गडप होऊ लागली. गोंधळ लक्षात येताच त्या राउटरची वायर काढण्यात आली, पण खोटे मार्ग इतरांच्या यंत्रांमध्ये पुढेही बराच काळ फिरत राहिले. त्याच वर्षी १७ जुलैला, संकेतस्थळांच्या नावांची नोंद सांभाळणाऱ्या नेटवर्क सोल्युशन्सकडून डॉट कॉम आणि डॉट नेट या नावांची बिघडलेली फाइल प्रसृत झाली आणि काही तास असंख्य पत्ते सापडेनासे झाले. याच वर्षी लॅबोविट्झ, मलान आणि जहानियन यांनी मार्गबदलाच्या संदेशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या संदेशांपैकी ९९ टक्के निरर्थक असून जाळ्याच्या रचनेतील कोणताही खरा बदल ते दर्शवत नसावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या घटना १९९६ ऐवजी १९९७ मध्ये घडल्या म्हणून त्या भाकिताच्या खात्यात जमा झाल्या नाहीत. हे न्याय्यच आहे, कारण मुदत मेटकाफ यांनीच घातली होती. पण जाळ्यांच्या सीमेवर कोणी कोणाला जबाबदार नाही, बिघाडाची भरपाई कोणी कोणाला देत नाही आणि बिघाडाचे मोजमाप कोणी जाहीर करत नाही, ही त्यांची तक्रार मुदतीशी बांधलेली नव्हती. मोजमापाच्या बाबतीत थोडी प्रगती झाली : इंटरनेट वाहतुकीच्या मोजणीला वाहिलेली कैडा ही संस्था १९९७ मध्ये सॅन दिएगो येथे उभी राहिली. भुताटकीच्या संकेतस्थळांचे उपभाकीत तर इतके खरे ठरले की त्याची आठवणही कोणी काढत नाही.

गिगालॅप्सचे काय झाले, हे पाहणेही उद्बोधक आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीदरम्यान दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेमुळे फेसबुकचा अंतर्गत बॅकबोन तुटला, त्यामुळे नावावरून पत्ता सांगणाऱ्या त्याच्या नाव-सर्व्हरांकडे जाणारे मार्ग बीजीपीमधून मागे घेतले गेले, आणि फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम सुमारे सहा तास दिसेनासे झाले. कंपनीच्या आकडेवारीनुसार त्या सुमारास तिच्या सेवा रोज वापरणारी माणसे २८१ कोटी होती. एक अब्ज तास भरण्यासाठी प्रत्येकाची केवळ बावीस मिनिटे वाया जाणे पुरेसे होते. म्हणजे मेटकाफ यांच्या पट्टीने पाहिले तर गिगालॅप्स पंचवीस वर्षे उशिराने आला. त्या वेळी बाकीचे इंटरनेट मात्र चालू होते. कोसळले ते जाळे नव्हते, जाळ्यावरची एक कंपनी होती, आणि ती एवढी मोठी झाली होती की दोहोंतला फरक अनेकांना जाणवलाही नाही. १९९५ मध्ये ही शक्यता कोणाच्याच लेखात नव्हती.

सात हजार सात क्रमांकाच्या त्या चुकीवरचा इलाज मात्र रेंगाळला. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तान टेलिकॉमने देशांतर्गत बंदीसाठी तयार केलेला यूट्यूबचा मार्ग बाहेर गेला आणि जगभर यूट्यूब दोन तासांच्या आसपास गायब झाले. यंत्रणेतले छिद्र तेच होते. कोणत्या जाळ्याला कोणते पत्ते जाहीर करण्याचा अधिकार आहे हे स्वाक्षरीनिशी पडताळण्याची आरपीकेआय ही पद्धत २०१२ मध्ये प्रमाणित झाली. आपल्या पत्त्यांसाठी अशी नोंद करणाऱ्याला तिचा लाभ तेव्हाच होतो, जेव्हा दूरची, अनोळखी जाळी ती नोंद तपासून खोटे मार्ग नाकारू लागतात, आणि तपासणाऱ्याला मात्र त्यातून स्वतःचा एकही नवा ग्राहक मिळत नाही. प्रकाशाचे सोळा रंग एका धाग्यात घालायला कंपन्यांना काही महिने पुरले होते. जाहीर होणाऱ्या मार्गांपैकी निम्म्यांना अशा नोंदीचे संरक्षण मिळायला २०२४ साल उजाडावे लागले.